हौदातल्या माशांचा उन्हाळा : पाणी गार राखणारा पंप कसा निवडावा?

(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



होळी जळाली, थंडी पळाली, असे आपण म्हणतो. माणसाला आणि जनावराला ऊन लागायला लागले की आपण सावली शोधतो, गोठ्यावर पाचट टाकतो, रांजण भरून ठेवतो. पण घरामागच्या हौदात जर आपण मासे पाळले असतील, तर त्यांच्या उन्हाळ्याचा विचार बहुतेक वेळा पहिले मासे मेल्यावरच होतो. म्हणून आज जरा आधीच बोलायचे ठरवले आहे.

चितेगाव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की बिडकीनच्या अलीकडे लागते. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला कापूस, तूर, मका आणि मोसंबीच्या बागा. पुढे पैठणला नाथसागर. १९७६ साली जायकवाडीचे लोकार्पण झाले आणि एवढे मोठे पाणी आपल्या भागात उभे राहिले. त्या नाथसागरातला मासा ऊन वाढले की खोल पाण्यात उतरतो. त्याला जायला जागा आहे. आपल्या हौदातल्या माशाला मात्र अडीच फूट पाण्यात कुठे जाता येणार? वर ऊन, बाजूला तापलेले सिमेंट आणि खाली तळ. तो सर्वस्वी आपल्यावर अवलंबून असतो.

अलीकडे शेतीला जोडधंदा म्हणून काही घरांतून गप्पी, मॉली, गोल्डफिश असे शोभेचे मासे वाढवतात. गप्पी तर आरोग्य खात्याच्या डासनिर्मूलनामुळे गावोगावी माहीत झाला आहे. कोणी रोहू, कटला, मृगळ यांचे बीज शेततळ्यात सोडण्याआधी काही दिवस हौदात सांभाळतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरच्या अंगणातल्या शोभिवंत मासे संगोपनाचाही समावेश होता. त्यामुळे या धंद्याकडे, विशेषतः भगिनींचे, लक्ष गेले आहे. धंदा चांगला आहे. जागा थोडी लागते आणि हौदातले पाणी शेवटी भाजीला देता येते. पण एप्रिल-मे हे दोन महिने निभावले तरच वर्ष हाती लागते.

आणि याच दोन महिन्यांत आपण दुकानात जाऊन म्हणतो, "पाणी गार राहील असा एक चांगला, मोठा पंप द्या." दुकानदार मोठा पंप देतो. आपण समाधानाने घरी येतो. इथेच खरी चूक होते, बरं का. ती कशी, ते आज पाहू.

गरम पाण्यात मासा का गुदमरतो?

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. स्वच्छ पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २५ अंशांना तो सव्वाआठवर येतो, ३० अंशांना साडेसातवर आणि ३५ अंशांना सातच्याही थोडा खाली. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. आपला भाग साधारण पाचशे मीटर उंच, म्हणून आपल्याकडे याहून थोडा कमीच धरायचा.

दुसरीकडे माशाची भूक उलट चालते. पाणी तापले की त्याच्या शरीराचे काम वाढते आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. दहा अंश वाढले की गरज साधारण दुपटीला जाते. म्हणजे कणगीत धान्य कमी झाले आणि खाणारी तोंडे वाढली, अशी गत.

त्यात आणखी एक गोष्ट. हौदात हिरवे शेवाळ असेल तर दिवसा ते उन्हात प्राणवायू तयार करते, पण रात्री तेही माशासारखाच प्राणवायू खाते. म्हणून पाणी सर्वांत गरम दुपारी तीन-चारला असते, पण प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले तर समजा, ते प्राणवायू मागत आहेत. दुपारच्या उन्हाने दमवलेला मासा पहाटे मरतो. आणि आपल्याला वाटते, रात्री काय झाले कुणास ठाऊक!

पंप पाणी गार करतो का?

आता मुख्य मुद्दा. पंपाला वीज लागते. ती वीज जाते कुठे? पंप पाण्यात बुडालेला असेल तर त्याने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच पाण्यात उतरते. काही मोटारीच्या गरम होण्यातून, काही पाणी घुसळण्यातून. हिशेब सोपा आहे. एक युनिट वीज पाण्यात उतरली की ८६० लिटर पाणी एक अंशाने तापते. हा एक आकडा लक्षात ठेवा, बाकी सगळे त्यावरून निघते.

समजा, तुमचा सिमेंटचा हौद ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आहे आणि त्यात पाऊण मीटर पाणी आहे. म्हणजे ४,५०० लिटर झाले. त्यात ४० वॅटचा छोटा पंप चोवीस तास चालवला तर एक युनिटभर वीज जळेल. त्याने पाणी चढेल अंशाचा पाचवा हिस्सा. काही बिघडत नाही. पण विहिरीवरची अर्ध्या अश्वशक्तीची पाणबुडी मोटार, "घरात पडूनच आहे ना" म्हणून, याच हौदात सोडली तर? ती साधारण ५०० वॅट खाते. चोवीस तासांत १२ युनिट. पाणी दिवसाकाठी सव्वादोन अंश तापवण्याइतकी ही उष्णता आहे. काही उष्णता हवेत जाते हे खरे, पण आपण पाणी गार करायला निघालो होतो, आणि झाले उलटेच!

लहान काचेच्या पेटीत तर हा फरक लगेच दिसतो. शंभर लिटरच्या पेटीत २० वॅटचा बुडवायचा पंप दिवसभर चालला, तर उष्णता बाहेर गेलीच नाही असे धरून पाणी चार अंश चढेल. प्रत्यक्षात काचेतून आणि वरून उष्णता जाते, म्हणून एक-दोन अंशांवर निभावते. पण ३१ अंशांच्या पाण्यात गोल्डफिशला हे एक-दोन अंशही जड असतात.

मग पाणी गार कशाने होते? याचे उत्तर आपल्या घरात आहे. माठ! माठाच्या अंगातून पाणी झिरपते, हवेत उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले की ५८० लिटर पाणी एक अंशाने उतरते. म्हणजे आपल्या ४,५०० लिटरच्या हौदातून १५-१६ लिटर, एक मोठी घागर म्हणा, एवढे पाणी हवेत गेले तर हौद दोन अंशांनी उतरू शकतो.

आता तुम्ही म्हणाल, हवाच ४१ अंशांची, ती पाणी गार कशी करणार? पण माठ नेमका कडक उन्हाळ्यातच गार होतो आणि पावसाळ्यात होत नाही, हे आपण जाणतोच. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा आहे. कोरडी हवा पाणी पटकन उचलते. तेव्हा पंपाचे खरे काम पाणी हलवण्याचे, पसरवण्याचे आणि हवेशी त्याची भेट घालून देण्याचे. त्यातूनच गारवाही मिळतो आणि प्राणवायूही. जो पंप कमीत कमी वीज खाऊन जास्तीत जास्त पाणी हवेशी भेटवतो, तोच पाणी गार राखणारा पंप.

पंपाआधी सावली

दुकानात जाण्याआधी एक हिशेब मात्र करा. मे महिन्यात आपल्याकडे एका चौरस मीटर जागेवर दिवसभरात साधारण सहा युनिट विजेइतके ऊन पडते. आपल्या हौदाचा पृष्ठभाग सहा चौरस मीटर. म्हणजे छत्तीस युनिट! छोट्या पंपाचे एक युनिट आणि सूर्याचे छत्तीस. तेव्हा उघड्या उन्हातल्या हौदाला कितीही चांगला पंप बसवा, तो पुरा पडणार नाही.

म्हणून पहिला खर्च सावलीचा. हौदावर शेडनेट लावा, किंवा बांबू आणि पाचटाचा मांडव घाला. मांडव पाण्यापासून चांगला उंच ठेवा, म्हणजे खालून वारा खेळेल. पश्चिमेची बाजू विशेष झाका, कारण दुपारनंतरचे तिरपे ऊन भिंतीला तापवते. भिंतीला बाहेरून चुना द्या आणि तिच्यावर पोती ओली करून टाका. रांजणाला फडके गुंडाळतो तसेच हे आहे. फक्त चुना आतल्या पाण्यात जाऊ देऊ नका, माशांना तो सोसत नाही. सगळा हौद जलपर्णीने झाकणे मात्र टाळा. सावली मिळते, पण रात्री तीच वनस्पती प्राणवायू खाते आणि वाऱ्याची वाटही अडवते.

कोणता पंप घ्यावा?

बाजारात आपल्याला साधारण चार प्रकार दिसतात. एकेक पाहू.

पहिला, हवेचा पंप. हा पाण्याबाहेर असतो. आतला रबरी पडदा हलून हवा ढकलली जाते आणि नळीच्या टोकाला बसवलेल्या सच्छिद्र दगडातून बुडबुडे निघतात. लहान पंप तीन ते पाच वॅट खातो. मोटारीची उष्णता पाण्यात उतरत नाही, कारण ती बाहेर आहे. "गरम हवा पाण्यात सोडली तर पाणी तापेल की!" अशी शंका काहींना येते. ती मनातून काढून टाका. जेवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी एक अंश तापते, तेवढ्यात तीन हजार लिटरांहून अधिक हवा एक अंश तापते. बुडबुड्यांची ती उष्णता नगण्य असते. उलट कोरडा बुडबुडा पाण्यातून ओल घेऊन वर येतो. लहान हौदाला, काचेच्या पेटीला आणि मत्स्यबीजाला हा पंप उत्तम. पिल्ले ओढली जाण्याचीही भीती नाही.

दुसरा, पाण्यात बुडवायचा छोटा पंप. कूलरमध्ये असतो तसा. मोटार पाण्यात असल्याने तिची सगळी उष्णता पाण्यात जाते. पण वॅट कमी असतील आणि हौद मोठा असेल तर हरकत नाही. कूलरचाच पंप काढून हौदात टाकण्याआधी मात्र विचार करा. तो कूलरच्या टाकीसाठी केलेला असतो. त्याची जाळी मोठी असते, त्यात पिल्ले अडकतात. आत उघडे पितळ किंवा तांबे असेल तर तांब्याचा अंश पाण्यात उतरतो आणि तांबे माशांना विषारी आहे. माशांसाठी म्हणून बनवलेला, प्लास्टिकच्या आवरणाचा आणि वायरचा सांधा पक्का बंद केलेला पंप घ्यावा.

तिसरा, बाहेर बसवायचा मोनोब्लॉक. याच्या मोटारीला पाठीमागे पंखा असतो, म्हणून मोटारीची स्वतःची उष्णता हवेत जाते. फक्त पाणी ढकलायला लागलेली शक्ती पाण्यात उरते. चार-सहा हौद एकत्र असतील, पाणी गाळणीतून फिरवायचे असेल, तर हा सोयीचा पडतो. एकट्या हौदाला मात्र अंगापेक्षा बोंगा मोठा. सावलीत बसवा, चहूबाजूंनी हवा खेळू द्या. पत्र्याच्या बंद पेटीत कोंडून ठेवू नका.

चौथा, विहिरीची किंवा बोअरची पाणबुडी मोटार. ही हौदात मुळीच सोडू नये. एक तर उष्णता जास्त, दुसरे म्हणजे काही मोटारींमध्ये तेल भरलेले असते. सील गळाले तर तेलाचा तवंग हौदावर पसरतो आणि हवा व पाणी यांची भेटच तुटते. पाणबुडी मोटारीची जागा विहिरीत, हौदात नाही.

आता सौर पॅनेलवर चालणारे १२ व्होल्टचे छोटे पंपही मिळतात. दुपारी पाणी उडवायला ते चांगले. पण आपली खरी गरज पहाटेची आहे, हे विसरू नका. सोबत बॅटरी नसेल तर सौर पंप नेमका गरजेच्या वेळी झोपलेला असतो.

पंपावरची पाटी वाचायला शिका

बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल आपण वाचतो, तशी पंपावरची पाटीही वाचावी. तिच्यावर तीन आकडे असतात. वॅट, तासाला किती लिटर आणि हेड किती मीटर. वॅट म्हणजे खाणे. लिटर म्हणजे काम. आणि हेड म्हणजे जास्तीत जास्त किती उंचीपर्यंत पाणी चढेल ते. इथे एक मेख आहे. पाटीवर हेड अडीच मीटर लिहिले असेल तर त्या उंचीवर धार शून्य होते. आणि पाटीवरचे लिटर हे उंची शून्य असतानाचे असतात. मध्ये जसजशी उंची वाढवाल, तसतशी धार बारीक होत जाते.

समजा, दोन पंप समोर ठेवले आहेत. एक ४० वॅटचा, तासाला ३,००० लिटर, हेड अडीच मीटर. दुसरा ८० वॅटचा, ४,००० लिटर, हेड साडेचार मीटर. कोणता घ्याल? मोठा चांगला असे वाटेल. पण लिटरला वॅटने भागा. पहिला एका वॅटमागे ७५ लिटर देतो, दुसरा ५० लिटर. आपल्याला पाणी फक्त अर्धा मीटर उचलून परत हौदातच सोडायचे आहे. त्यासाठी पहिला पुरेसा आहे. तो तासाला दोन हजार लिटरांच्या वर देईल, म्हणजे आपला ४,५०० लिटरचा हौद दोन-सव्वादोन तासांत एकदा फिरेल. दुसरा पंप तेच काम करताना दुप्पट वीज खाईल आणि दुप्पट उष्णता पाण्यात सोडेल. म्हणून नेम असा ठेवा : पाणी कमीत कमी उंच उचला, आणि वॅटमागे जास्त लिटर देणारा पंप निवडा.

आणखी दोन गोष्टी दुकानातच विचाराव्यात. व्होल्टेज कमी असताना पंप चालू होतो का? आपल्याकडे संध्याकाळी दाब उतरतो, आणि कमी दाबावर मोटार धडपडते, तापते, कधी जळते. दुसरे, सुटे भाग मिळतात का? हवेच्या पंपाचा रबरी पडदा आणि पाण्याच्या पंपाचा पंखा झिजतो. तो बदलता आला नाही तर ऐन मे महिन्यात नवा पंप आणायची पाळी येईल. सर्वांत चांगले म्हणजे एका मोठ्या पंपाऐवजी दोन लहान पंप घ्यावेत. एक बंद पडला तरी दुसरा मासे जगवतो.

कसा बसवावा, केव्हा चालवावा?

पंपातून येणारे पाणी एकाच जाड धारेने सोडू नका. नळीच्या टोकाला भोके पाडलेला आडवा पाइप लावा, म्हणजे पाणी झारीसारखे पसरून पडेल. थेंब जितके बारीक, तितकी हवेशी भेट जास्त. फार बारीक फवारा मात्र वाऱ्याने बाहेर उडून पाणी वाया जाते, म्हणून बेताने. शहरातली पाणचक्की तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. लांबून आणलेले पाणी तिथे उंचावरून हौदात कोसळते, आणि पडता पडता हवा घेऊन उतरते. आपल्या झारीचे तत्त्व तेच, फक्त लहान.

काळी नळी उन्हात पसरून ठेवू नका. दुपारी तिच्यातले पाणी हाताला चटका देते, हे ठिबक वापरणाऱ्यांना सांगायला नको. नळी मातीत गाडा किंवा पोत्याने झाका.

चोवीस तास पंप चालवता आला तर उत्तम. वीज वाचवायचीच असेल तर रात्री दहा ते सकाळी सात ही वेळ कधीही सोडू नका. त्या वेळी प्राणवायू कमी असतो, आणि ऊन नसल्याने जो गारवा मिळतो तो पहाटेपर्यंत टिकतो. त्यानंतर जमल्यास दुपारी बारा ते चार, पण हौदावर सावली असेल तरच.

पाणी उडून जाते तसे क्षार मात्र मागे राहतात. बोअरचे पाणी आधीच जड. म्हणून नुसती भर न घालता दर आठवड्याला थोडे पाणी काढून भाजीला द्या आणि तेवढेच ताजे घाला. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात हौदापेक्षा गार असते, पण त्यात प्राणवायू कमी असू शकतो. ते चाळणीवरून, उंचावरून पडू द्या. एका वेळी हौदाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त घालू नका. एकदम गारवा माशाला सोसत नाही. बर्फाच्या लाद्या टाकण्याचा मोह तर टाळाच.

लाइट गेली तर?

हा प्रश्न खरा आपला आहे. शेतीची लाइन चोवीस तास नसते. म्हणून पंप घरगुती सिंगल फेज लाइनवर ठेवावा. तरीही वळवाचा वारा सुटतो, तार तुटते आणि रात्रभर अंधार होतो. अशा रात्रीसाठी दोन उपाय तयार असू द्या.

एक, बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप. तो चार-पाच वॅटच खातो, म्हणून लहान बॅटरीवरही रात्र निघते.

दोन, उंचावरची टाकी. शेतीची लाइन असताना विहिरीवरून हजार लिटरची टाकी भरून घ्या. तिची तोटी एवढीच उघडा की पाणी आठ तास पुरेल, म्हणजे तासाला सव्वाशे लिटर. ते चाळणीवरून हौदात पडू द्या आणि हौदाचे वरचे पाणी पाटाने वांग्या-मिरचीला जाऊ द्या. विजेशिवाय पाणी हलते, थोडी हवा मिळते, थोडा गारवाही मिळतो, आणि पिकाला खतपाणी होते. टाकी काळी असेल तर तिच्यावर सावली करा, नाहीतर आपण हौदात रात्री गरम पाणी सोडू. ती संध्याकाळी भरलेली बरी.

यातले काहीच नसेल आणि मासे वर आलेले दिसले, तर बादली घ्या. हौदातलेच पाणी उचलून कमरेच्या उंचीवरून चाळणीतून परत ओता. घरातल्या दोघांनी पाळीपाळीने तासभर हे केले तर माशांना पहाट काढता येते. उजाडल्यावर त्या दिवशी खाद्य देऊ नका. कडक उन्हाच्या दिवसांत एरवीही खाद्य कमी करा, आणि ते सकाळी द्या. उरलेले खाद्य कुजते आणि प्राणवायू खाते.

आधी आपला जीव

पाणी आणि वीज एकत्र आली की सावधपणा हवाच. हौदात हात घालण्याआधी पिन काढायची, नुसते बटण बंद करून भागत नाही. घरात ३० मिलिअँपिअरचे ई.एल.सी.बी. बसवून घ्या, ते गळती होताच वीज तोडते. अर्थिंग पक्के करा. वायरला जोड असेल तर तो पाण्यात किंवा ओल्या जमिनीवर कधीही नको. बोर्ड हौदापासून दूर आणि उंच असावा. वायर बोर्डाकडे जाताना मध्ये थोडी खाली लोंबकळू द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी खालीच ठिबकेल, बोर्डात जाणार नाही. हवेचा पंपही पाण्याच्या पातळीहून उंच ठेवा, म्हणजे लाइट गेल्यावर नळीतून पाणी उलटे पंपात येणार नाही. मासा गेला तर पुन्हा आणता येईल. मुले हौदाभोवती खेळतात, त्यांचा विचार आधी.

घरात काचेची पेटी असेल तर तिलाही हेच सांगणे लागू आहे. बुडवायच्या मोठ्या पंपाऐवजी बाहेरचा हवेचा पंप लावा. पेटीवरचे घट्ट झाकण काढून जाळी टाका आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून एक छोटा पंखा हलका फिरू द्या. कोरड्या दिवसांत पाणी दोन-तीन अंश उतरते. पेटीचा दिवा दुपारी बंद ठेवा, तोही उष्णता देतो.

शेवटी एक छोटी खरेदी सांगतो. पंपाआधी पाण्याचा तापमापक घ्या. तापाचा नको, तो ३५ अंशांपासून वर मोजतो. साधा काचेचा, शून्यापासून मोजणारा. सकाळी सहाला आणि दुपारी तीनला पाण्यात धरा आणि वहीत लिहून ठेवा. नवा पंप लावण्याआधी चार दिवस आणि लावल्यावर चार दिवस. आकडे खाली आले तर पंप योग्य. वर गेले तर पंप मोठा आहे किंवा सावली कमी आहे. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ही वही खरी.

थोडक्यात सांगायचे तर :

१. आधी सावली, मग पंप.
२. एक युनिट वीज पाण्यात उतरली की ८६० लिटर पाणी एक अंश तापते. पंप लहान निवडा.
३. लहान हौदाला आणि पेटीला बाहेरचा हवेचा पंप. मोठ्या हौदाला कमी वॅटचा, वॅटमागे जास्त लिटर देणारा.
४. बोअरची मोटार हौदात नको. उघडे तांबे, पितळ नको.
५. पाणी झारीसारखे पाडा. रात्री दहा ते सकाळी सात पंप बंद ठेवू नका.
६. लाइट गेल्यावरची सोय आधी करा.
७. पिन काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

बंधू-भगिनींनो, आपल्या आईने माठ भरताना कधी हिशेब मांडला नव्हता. पण तो कुठे ठेवायचा, त्याखाली वाळू किती घालायची आणि वारा कुठून येतो, हे तिला ठाऊक होते. तोच डोळा हौदाकडे वळवला की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम योग्य पंप करील. यंदाच्या वैशाखात तुमच्या हौदातला मासा पहाटे वर न येता तळाशी निवांत फिरताना दिसो, हीच इच्छा.

नमस्कार.